किसनराव तायडे यांची एकुलती एक चूक

किसनराव तायडे गेले त्याला सात दिवस झाले होते, आणि या सात दिवसांत माधवीला एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकावं लागत होतं. "तुह्या सासऱ्यानं एक दिवस उघडा ठेवला नाही वं," भेटायला आलेली प्रत्येक बाई तिचा हात धरून म्हणायची. माधवी मान हलवायची. खरं काय ते तिला ठाऊक होतं. एक दिवस उघडा राहिला होता. नेमका शेवटचा. आणि तो तिनंच ठेवला होता.

आता दिवस उघडा राहणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. किसनराव अमरावतीच्या एका सूतगिरणीत अकाउंटंट, आणि बिऱ्हाड अकोल्याच्या जुन्या शहरात. बायको भागीरथाबाई इथं अंगणवाडीत, मुलगा सुगत आणि मुलगी पायल इथल्या शाळेत. तिघांना हलवण्यापेक्षा एकट्यानं हललेलं बरं, असा हिशेब मांडून त्यांनी सत्तावीस वर्षं अकोला-अमरावती अप-डाऊन केलं. सुगतनं एकदा मोबाइलवर गुणाकार केला, तर वडील चंद्रावर दोनदा जाऊन आले होते. आणि दोन्ही वेळा परत येताना भाजी घेऊन.

गिरणीची वही ते रोज संध्याकाळी बंद करत. घरी आले की घराची. जेवणं झाली की चष्मा पुसत विचारत, "काही बाकी?" कोणाचं कोणाशी वाजलं असेल तर तिथंच बोलायचं, मिटवायचं, मग अंथरूण. भांडण दुसऱ्या दिवसावर ओढायचं नाही. एकदा गाड्या बंद पडल्या तेव्हा हा माणूस सरकीच्या पोत्यांवर बसून ट्रकनं आला, डोक्यातली सरकी झटकली, जेवला आणि म्हणाला, "काही बाकी?"

अकरा वर्षांपूर्वी माधवी नवीन आली, तेव्हा तिसऱ्याच दिवशी हा प्रश्न तिच्यावर आला. माहेराहून काय यायचं राहिलं हेच विचारताहेत असं वाटून ती बिचारी म्हणाली, "नाही बाबा, कपाट तर आलं." त्यावर घर वर्षभर हसलं. कपाटाचा विषय निघाला की अजून हसतं.

तर तो शुक्रवार. सुगतनं माधवीची स्कूटी तिला न विचारता अमोल नावाच्या मित्राला दिली होती. ही तिसरी वेळ. अमोलचा एक नियम होता, गाडी परत करताना पेट्रोल संपलेलं आणि ओरखडा नवा. तालुक्याच्या शाळेत शिकवायला जाणारी माधवी सकाळी ती ढकलत पंपावर गेली होती.

"काही बाकी?" किसनरावांनी विचारलं.

"हो. पण मी ते आज बंद करणार नाही."

"काहून?"

"दोनदा बंद केलं ना, बाबा! तुमी समोर बसले म्हणून मी हो म्हटलं. राग कुठं गेला होता? भांडण माझं हाय. बंद कधी करायचं ते मी ठरवीन. या घरात बाईले सुखानं रागावताही येत नाही!"

भागीरथाबाईंच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. चाळीस वर्षांत हे कोणी बोललं नव्हतं. सुगत भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढच्या महिन्याच्या सुट्ट्या शोधू लागला. किसनराव माधवीकडे बघत राहिले, बेरीज न जुळणाऱ्या पानाकडे बघावं तसं. मग म्हणाले, "बरं," आणि झोपायला गेले.

सकाळी ती उठायच्या आत ते निघून गेले होते. महिन्याचा पहिला शनिवार, म्हणजे निवृत्तीनंतरही त्यांचा अमरावतीचा दिवस. अमरावतीतच दिलेल्या पायलच्या घरी पोचले, दुपारी जेवले, जरा पडतो म्हणाले आणि पुन्हा उठले नाहीत.

माधवीनं नणंदेला दोनदा विचारून झालं होतं. "काही बोलले का गं माझ्याबद्दल?"

"नाही वहिनी. पण खुशीत होते. काय झालं विचारलं, तर म्हणे आधी घरी जाऊन सांगतो, मग तुले."

माधवीला त्या खुशीचा अर्थ लागेना. तिला त्यांचं ते "बरं" ऐकू येत राही. रागावलेला माणूस भांडला असता. दुखावलेला माणूसच "बरं" म्हणतो.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला घरासमोरच्या मांडवात सगळी गल्ली बसली होती. बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींखाली किसनरावांचा फोटो, पुढे मेणबत्त्या. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं. मग लोक बोलायला उठले. पहिल्यानं सांगितलं, किसनरावांनी एक दिवस उघडा ठेवला नाही. दुसऱ्यानंही तेच सांगितलं. तिसरा तर किसनरावांना फार ओळखत नव्हता, त्यामुळे त्यानं ते जास्त वेळ सांगितलं. माधवी खाली बघत पदराचं टोक गुंडाळत होती. सगळं खोटं आहे, असं उठून सांगावं, निदान मन तरी मोकळं होईल, इथवर ती आली.

तेवढ्यात मांडवात पाच म्हातारे शिरले. सगळ्यांत पुढे पांढरं धोतर, काळी टोपी, हातात स्टीलचा डबा. हे मूर्तिजापूरचे महादेवराव. पाचही जण किसनरावांचे गाडीतले जुने पासवाले. निवृत्त झाल्यावरही महिन्याच्या पहिल्या शनिवारी किसनरावांसह ते त्याच गाडीनं, त्याच डब्यातून अमरावतीला जात. डॉक्टरांनी पाचही जणांना रोज चालायला सांगितलं होतं, म्हणून ते महिन्यातून एकदा बसून जात.

"गाडी लेट होती," महादेवरावांनी फोटोला हात जोडून फोटोलाच सांगितलं. मग मांडवाकडे वळले. "किसनरावची सून कोणती?"

माधवीनं पदराचं टोक सोडलं. ती उभी राहिली.

पाचही म्हाताऱ्यांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. एकानं चष्मा काढून पुसून पुन्हा लावला.

"हे?" तो हळूच म्हणाला. "हे तर पोट्टी हाय बाप्पा!"

"बाई," महादेवराव म्हणाले, "तुहा सासरा पंचवीस वर्षं आमच्यासमोर बसून राहिला. आमी त्याची एक चूक पकडाले पाहिलं. गाडीचा टाइम, पत्त्यातले पॉइंट, कोणाच्या पोराचं कोणतं साल. एक सापडली नाही. शेवटी पैज लावली. जो किसनरावची चूक पकडीन त्याले किसनराव अमरावतीत एक प्लेट गिला वडा चारीन. हे पाह्य." त्यांनी खिशातून पॉकेट डायरी काढली. पैजेखाली सहा सह्या होत्या. पुढे अकरा दावे, अकराही फेटाळलेले.

"त्या शनिवारी गाडीत चढलो, तर हा माणूस एकटाच हसून राहिला होता. म्हणे, महादेवराव, पकडली. म्या म्हटलं, कोणी? म्हणे, माह्या सुनेनं. चाळीस वर्षं मी घरातले भांडणं बंद करत आलो, पण ज्याचं भांडण त्याची सही कधी घेतलीच नाही. सगळे व्हाउचर बिनसहीचे पास केले! कोण्या ऑडिटरले दिसलं नाही, तिले दिसलं."

चष्मेवाल्यानं मान डोलावून साक्ष दिली.

"दर स्टेशनाले पुन्हा सांगे. बडनेऱ्यात तर चहावाल्यालेही सांगितलं. म्हणे, घरी जाताना वडे नेतो, हात जोडतो आणि तिले म्हणतो, तुहं भांडण तुह्यापाशी ठेव, बाई, पाहिजे तितके दिवस." महादेवरावांनी डब्याचं झाकण पुन्हा दाबून बघितलं. "परतीच्या गाडीत तो आला नाही. पैज तं तू जिंकली. म्हणून आमी पाचही जण आज अमरावतीहून वडे घेऊन आलो. घे."

त्यांनी डबा उघडला. उडदाचे चार वडे, वेगळ्या वाटीत दही, पुडीत चिंचेची चटणी.

माधवीनं डबा हातात घेतला, आणि सात दिवस आवरलेलं सगळं तिच्या डोळ्यांतून डब्यात पडायला लागलं. भागीरथाबाईंनी डबा थोडा बाजूला सरकवला. "दही पातळ होईन वं," त्या म्हणाल्या, आणि त्याच रडायला लागल्या.

शेवटी महादेवरावांनी डायरी पुढे केली. "मिळालं म्हणून सही कर. तारीख त्या शनिवारचीच टाक. म्हणजे किसनरावचा तोही दिवस बंद होऊन जाईन."

माधवीनं पेन घेतलं. सही केली. तारखेपाशी मात्र थांबली. फोटोकडे एकदा बघितलं.

"नाही, काका," ती म्हणाली. "मागची तारीख बाबांना चालत नव्हती." आणि तिनं आजची तारीख टाकली.

मग चष्मेवाल्यानं टोपी काढून हातात घेतली.

"पकडलं, महादेवराव," तो म्हणाला. "तुमालेही पकडलं."

माधवीनं एक वडा मोडला आणि अर्धा सुगतपुढे धरला.

"मिटलं का मग आपलं?" त्यानं भीत भीत विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "खा."