सत्काराच्या टेबलाखालची किटली

मी किटली बोलतेय. दुधाची म्हणावं तर दुष्काळ पडल्यापासून माझ्यात थेंबभर दूध गेलेलं नाही. ॲल्युमिनियमची, पाच लिटरची, कमरेत जरा सुटलेली. एका बाजूला मोठा पोचा आलाय, ती बाजू मी भिंतीकडं करून बसते. झाकण मात्र या वयातही घट्ट. त्या झाकणापायीच मला ही नोकरी लागली.

जळकोटच्या अलीकडं सरजाबाईच्या गोठ्यात माझी सोळा वर्षं गेली. रोज पहाटेचं दूध घेऊन उदगीरला यायचं, घरोघर मापून द्यायचं. दुष्काळात विहीर आटली, कडबा मिळेना, दोन्ही म्हशी बाजारात गेल्या. सरजाबाई उदगीरला लेकाकडं राहायला आली, ती मला काखेत घेऊनच. रिकामी किटली कुणी एवढी जपतं का? मला उगीच वाटलं, आपण कुणीतरी आहोत.

लेक म्हणजे नरसिंग. सात वर्षं तो इंजेक्शनची नशा करायचा. त्यातून सुटला आणि एका संस्थेच्या वतीनं, अजून नशेत असलेल्या माणसांमध्ये काम करू लागला. वापरलेली सुई घ्यायची, कोरी द्यायची. एकाची सुई दुसऱ्यानं टोचली की रोग पसरतो, म्हणून. सुयांसाठीचा संस्थेचा डबा हातात दिसला की रस्त्यावरचे लोक कुजबुजायचे. किटलीकडं कोण बघतंय! म्हणून त्यानं मला उचललं.

सरजाबाईनं कपाळावर हात मारला. "आरं, हिच्यात दूध ऱ्हायचं रं माझं!"

"आता म्हशी कुठं हायत्या, माय? बसून बसून गंज चढंल हिला."

ॲल्युमिनियमला गंज चढत नाही. पण ते त्याला कोण सांगणार? पोटात पहिली सुई पडली तेव्हा मीही नाक मुरडलं, खोटं कशाला बोलू? दुधाघरची मी. चार दिवस मानच वर करवेना.

रोज दुपारी आम्ही रेल्वे स्टेशनमागच्या पडक्या गोदामात जायचो. वाटेत चहाच्या टपरीवर उदगीर जिल्हा होणार का, कलेक्टर कुठं बसणार, यावरून भांडणं जुंपलेली असायची. गोदामात कुणाला त्याचं काही नव्हतं. नरसिंग तिथं मांडी घालून बसायचा. आधी "जेवला का?" मग बाकीचं. कुणाच्या हातावरची जखम धुवायचा. त्यासाठी सरजाबाई टँकरच्या दोन घागरींतलं तांब्याभर पाणी उकळून द्यायची. आधी शिव्या द्यायची, मग पाणी.

एक गोष्ट तो प्रत्येकाला बजावायचा. "एकट्यानं घिऊ नगस. आन् मधी काही दिवस सुटलं आसंल, तर जुनं माप लई व्हतं. आंगाची सवय मोडलेली आसती. श्वास थांबतोय, बाबा."

दगडोबा त्याचा जिवलग. बोअरच्या मोटारी दुरुस्त करायचा. दोघांनी नशा एकत्रच सुरू केली होती. तो व्यसनमुक्ती केंद्रात चार महिने राहून आला, गालफडं भरून आला. नरसिंगला काय करू अन् काय नको झालं. त्यानंच गल्लीत सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा, झेंडूचा हार. मला टेबलाखाली ढकललं, वरून चादर सोडली. बरोबरच होतं, सत्काराला सुया कशाला दिसाव्यात? मला फटीतून नुसते पाय दिसत होते. दगडोबाचे पाय एका जागी ठरत नव्हते.

नरसिंग माइकवर ओरडला, "आमचा दगडू आता पुन्यांदा तिकडं वळूनसुदीक बघनार न्हाई! ही माझी गॅरंटी!"

टाळ्या पडल्या. दगडोबाची आई, पारूबाई, पदरात तोंड घालून रडली.

महिनाभरानं एका दुपारी दगडोबा गोदामाच्या दारात येऊन उभा राहिला. नरसिंगनं लांबूनच हाळी दिली, "काय पाव्हनं! तुमचं हिकडं काय काम आता? गॅरंटी दिलीय म्या, नाक कापताव का माझं?"

सगळे हसले. दगडोबाही हसला. "न्हाई बा. तुझी डेअरी कशी चाललीय, बघावं म्हनलं."

"लई झ्याक. जा घरी, माय वाट बघत आसंल."

त्याची नजर कोऱ्या सुयांच्या पाकिटावर होती. तसल्या नजरा मी रोज बघते. मला कळलं. नरसिंगला कळलं नाही, कारण त्याला ते कळून घ्यायचंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दगडोबा एका बंद पडलेल्या बोअरच्या खोलीत सापडला. एकटा. माप जुनंच. सुई कुणाचीतरी टाकलेली, बोथट. कोरी मागायला नरसिंगसमोर यावं लागलं असतं. ज्यानं चारचौघांत हार घातला, त्याच्यापुढं कुठल्या तोंडानं हात पसरायचा?

दहावा झाल्यावर पारूबाई आली. दगडोबाच्या हत्यारांच्या पिशवीत तिला एक सुई सापडली होती. ती तिनं सत्काराच्या शालीत गुंडाळून आणली होती.

"जुनी घिऊन नवी देतूस म्हनं तू?"

"हाव, मावशी."

"मंग ही घे, जुनी हाय. माझा दगडू दे."

नरसिंगनं माझं झाकण काढलं, सुई आत टाकली. पण झाकण परत बसेना. शेवटी पारूबाईनंच ते तळव्यानं दाबून बसवलं. म्हणाली, "नीट लाव. टोचंल कुनाला तरी."

त्यानंतर पंधरा दिवस मी कोनाड्यात होते. नरसिंग भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा. मग एका दुपारी त्यानं काही न बोलता मला उचललं. आता तो गोदामात कुणाची चेष्टा करत नाही. हसू तर मी पाहिलेलंच नाही. कुणी केंद्रातून आलं की त्याच्या घरी भाकरी खायला जातो आणि निघताना सांगतो, "पुन्यांदा घेतलंस, तरी आदी माझ्याकडंच ये. म्या रागावनार न्हाई." हे वाक्य त्याला एका दमात कधी पुरं करता येत नाही.

माझी कडी एका बाजूनं तुटलीय, तारेनं बांधलीय. किती दिवस काढीन माहीत नाही. त्याआधी एक मागून घेते. तुमच्या गल्लीत कुणी असं सुटून आलं, तर त्याची गॅरंटी कुणाला देऊ नका. तो दारात घुटमळला, तर काय काम म्हणून विचारू नका. आत बोलवा, बसवा.

चला. आज एक जण केंद्रातून येतोय. नरसिंग मला घरी ठेवून बसस्टँडवर त्याची वाट बघत उभा आहे, हार नाही, शाल नाही, रिकाम्या हातांनी.