नेच्याचं अंथरूण

सेरेन घोडी तबेल्यातून निघताना पुन्हा भिंतीला धडकली, तेव्हा इद्वालनं हातातली बादली खाली ठेवली. थंडीनं पाय आखडले असतील, अशी त्यानं दोन दिवस मनाची समजूत घातली होती. आता घोडी चारी पाय फाकून झिंगल्यागत डुलत होती. वेल्सच्या त्या चढाच्या रानात नांगर ओढायला त्याच्याकडे ती एकटीच होती.

"डॉक्टरला बोलवा म्हून परवापासनं सांगतीया," त्याची बायको मारेड दारातून म्हणाली.

दुपारी जनावरांचा डॉक्टर आला. आधी त्यानं घोडीच्या पायाखालचं अंथरूण उचकलं.

"खायला काय घालतोस रं हिला?"

"मूठभर गवत. औंदा पावसानं समदं कुजलं. पर अंथरुणात कसूर न्हाय. डोंगरावरचा नेचा गुडघाभर पसरतो. आमचा बा बी तसंच करायचा."

"आन् सकाळी किती उरतो?"

इद्वालनं मारेडकडे पाहिलं. मारेडच बोलली, "खालची फरशी दिसती."

"मग? पोट भरंना म्हून अंथरूण खातीया ती. त्यो नेचा घोड्याला हळूहळू भिनतो, इख हाय इख!"

रोज भर पावसात विळा घेऊन इद्वाल डोंगर चढला होता. घोडी जेवढं संपवी, त्याहून जाड तो पसरत गेला होता. आपल्याच हातानं आपण तिला मारत होतो, या विचारानं त्याला रडूच आलं.

डॉक्टरनं सुई टोचली. "अंथरायला लव्हाळा घाल. शेजाऱ्याकडनं गवत माग. आन् पंधरा दिस बियरच्या पिपातला गाळ पाज. त्यातल्या खमिरानं उतार पडंल. ट्यूडरच्या गुत्त्यात मिळतो."

इद्वाल चॅपलमधला, म्हणजे दारू वर्ज्य मानणाऱ्या गावच्या प्रार्थनाघरातला, वडीलधारा. बाराव्या वर्षी त्यानं दारू न शिवण्याची शपथ घेतली होती. गुत्ता आला की तो रस्ता ओलांडून पलीकडून चालायचा.

"दुसरं औषध न्हाय?"

"न्हाय. हे जमत नसंल तर खड्डा खणून ठेव."

इद्वाल बादली घेऊन गेला. ट्यूडर हसला, "घोडीसाठी का? हितं समदे असंच सांगत्यात. कुणी गुडघ्यासाठी नेतो, कुणी सासूसाठी!"

पंधरा दिवस तो खाली मान घालून गेला आणि आला. चॅपलात बाकावर त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली.

"सांगा की त्यास्नी," मारेड म्हणाली.

"कुणाकुणाला सांगू? दमलो बाई मी."

तिसऱ्या रविवारी घोडीचे पाय सरळ पडू लागले. त्यानं तिला हलक्या गाडीला जुंपलं, मारेडला शेजारी बसवलं आणि दोघं चॅपलला निघाली. रविवार म्हणून गुत्ता बंद होता, पण अंगणात धुतलेली पिपं वाळत पडली होती. सेरेननं नाक वर केलं, मान वळवली आणि थेट गुत्त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. मागून अख्खं चॅपल पायी येत होतं.

"ओढा की लगाम!" मारेड कुजबुजली.

इद्वालनं घोडीच्या पायांकडे पाहिलं. चारी पाय घट्ट रोवलेले होते. त्यानं लगाम सैल सोडला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला, "उभी हाय ती."