पाइपात राहिलेले माझे टोक

मित्रांनो, मी एक जुनी स्प्रिंग आहे, तुंबलेले पाइप मोकळे करणारी. नाक मुरडलेत ना? खुशाल मुरडा. साठ फूट पोलादी तारेला पीळ देऊन मला घडवले आणि टोकाला वाकडा आकडा दिला, तो काही दिवाणखान्यात मिरवायला नव्हे. तुम्ही जे डोळ्यांआड ढकलता, त्यात मी तीस वर्षे डोके खुपसले. आज मला राग आला आहे आणि तो मी गिळणार नाही.

माझे मालक म्हणजे नळकाम करणारे मिस्त्री. त्यांनी मला नवी कोरी घरी आणली, तेव्हा त्यांची बायको दारातच ओरडली, "अहो, ही नागीण घरात नको हं! बाहेरच राहू दे तिला." नाव पडले ते पडलेच.

मिस्त्री मला नेहमी उजवीकडे फिरवत, सावकाश, डोळे मिटून. आत तेलकट थर असला तर मी मऊ रुतायची, केस असले तर चिकट ओढ लागायची, झाडाचे मूळ असले तर खरखर व्हायची. ते सारे माझ्या अंगातून त्यांच्या मनगटात जाई. घरातले लोक घाई करू लागले की ते म्हणत, "थांबा जरा, बोलतेय ती."

मला उलटी फिरवायची नाही, हा त्यांचा नियम. उलटे फिरवले की पीळ उलगडतो आणि टोक तुटते. काम संपले की मला धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून ते टोक नीट बघत. "नागिणीचं तोंड बघितल्याशिवाय जेवायला बसायचं नाही," असे ते मुलालाही बजावत.

मुलगा तिशीचा, हुशार, पण सगळीच कामे कालच उरकायला हवी होती असा वागणारा. सगळे त्याला तुफान म्हणत. मिस्त्रींचा गुडघा गेला आणि मी तुफानच्या हाती आले.

एका तीन मजली इमारतीत तळमजल्यावर पुस्तके बांधणाऱ्या बाई राहत. त्या शाळेच्या वाचनालयाची फाटकी पुस्तके शिवून, खळ लावून, पुठ्ठे चढवून देत. त्यांची मोरी तुंबली. मी वळणापर्यंत गेले, तिथे वरून कुणीतरी टाकलेले फरशी पुसायचे फडके होते. दोन वेढे आणखी दिले असते, तर मी ते गुंडाळून बाहेर आणले असते. पण तुफान वैतागला आणि त्याने मला उलटी फिरवली. माझे वीतभर टोक तुटून त्या फडक्यातच राहिले.

फडके थोडे सरकले होते, त्यामुळे पाणी कसेबसे वाहू लागले.

"झालं बाई! आता वर्षभर बघायला नको."

"नक्की ना रे? मुलांची पुस्तकं जमिनीवर वाळत असतात माझी."

"मी सांगतोय ना!"

त्याने माझे तुटके तोंड पाहिले होते. नीट पाहिले होते. मग मला पोत्यात कोंबले. धुतले नाही, पुसले नाही, घरी बापाला सांगितले नाही.

पुढे त्याने पाण्याच्या जोराच्या झोताने पाइप धुणारे जेट मशीन घेतले. त्या मशीनशी माझे भांडण नाही. तेलकट थराला मी फक्त भोक पाडते, ते सगळी भिंत धुऊन काढते. पण आत काय अडकले आहे हे त्याला कळत नाही. म्हणून आधी मी आणि मग पाणी, आणि पाणीही उताराकडच्या, खालच्या चेंबरमधून सोडायचे, म्हणजे सुटलेली घाण घरात न येता बाहेर पडते.

दोन महिन्यांनी ती मोरी पुन्हा तुंबली. तुफान मशीन घेऊन आला, सामानात त्याच पोत्यात मीही होते. खालच्या चेंबरवर टेम्पो उभा होता. तो हलवायला सांगायचाही तुफानला कंटाळा. त्याने वरच्या चेंबरमधून झोत सोडला. पाणी वळणावर अडले आणि बाईंच्या मोरीच्या जाळीतून काळे, फेसाळ वर आले. खोलीत त्रेचाळीस पुस्तके फळ्यांखाली दाबून ठेवली होती.

"बंद कर! अरे मेल्या, बंद कर ते!" बाई ओरडत होत्या. मशीनच्या आवाजात ऐकतो कोण? त्या कवेत पुस्तके धरून पलंगाकडे धावत होत्या.

आणि हा काय म्हणाला? "तुम्हीच कपटे नि खळ टाकली असणार मोरीत."

पोत्यात माझा तीळपापड झाला, पण मला कुठे तोंड होते!

बाईंनी मिस्त्रींना फोन केला. मिस्त्री लंगडत आले आणि त्यांनी मला पोत्यातून ओढले. सवयीने टोकाकडे हात गेला, तो तिथेच थांबला.

"हिचं तोंड कुठंय?"

तुफान मशीनची नळी गुंडाळू लागला.

"तुला विचारतोय मी."

"आतच आहे, बाबा. मागच्या वेळेपासून."

बाई हातात ओले पुस्तक धरून उभ्या होत्या. "आणि मघाशी मी टाकलं म्हणत होतास?"

मिस्त्रींनी मला दुसरा आकडा बसवला, टेम्पो हलवायला लावला आणि मला फिरवायचा दांडा मुलाच्या हातात दिला. "उजवीकडे. सावकाश." फडके आले, केस आले, त्यांत माझे गंजलेले टोक आले. मग खालून पाणी सोडले आणि पाइप लख्ख झाला.

सव्वीस पुस्तके बचावली. सतरा पुस्तकांत गटाराचे पाणी शिरले होते, ती मुलांच्या हातात देण्यासारखी राहिली नव्हती.

"नवी आणून देतो," तुफान पुटपुटला.

"आण. पण त्यातली काही आता कुठंच मिळत नाहीत. आणि उद्या शाळेत तूच जायचं."

"मुलांना काय सांगू?"

"काय झालं ते," बाई म्हणाल्या.

तो गेला. मला नेले नाही, तेव्हा तो काय बोलला ते मला ठाऊक नाही. माझा राग मात्र अजून उतरलेला नाही. मित्रांनो, मोरीत फडकी टाकू नका, हत्यारे पुसून ठेवा, हे मी सांगायला हवे का? मोडल्याचा मला राग नाही. हातात घेतलेली वस्तू कधीतरी मोडणारच. पण मोडली, तर ज्याचे नुकसान होणार आहे त्याला लगेच, तिथेच सांगा. लपवलेला तुकडा आत नाहीसा होत नाही. तो तिथेच राहतो आणि रोज त्याच्याभोवती घाण साठत जाते.