सातव्या होलचा बोर्ड

मित्रांनो, माझ्या एका पायाला खाली गंज चढला आहे. डावा कोपरा चेपला आहे. तरीही मी उभा आहे, आणि मला उपटल्याशिवाय मी आडवा होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी गोल्फच्या मैदानावरचा जुना बोर्ड. शेवगावहून नगरकडे येताना उजव्या हाताला जो मुरमाड माळ लागतो, त्याच्या मधोमध हे मैदान आहे. पूर्वी तिथे कुसळं आणि तरवड होती. मग बोअर घेतले, गवत लावलं, आणि गाड्या येऊ लागल्या.

गोल्फ तुम्ही पाहिला नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. लांब दांड्याने एक छोटा, दगडासारखा कडक चेंडू मारायचा आणि दूरवरच्या एका भोकात घालायचा. त्या भोकाला होल म्हणतात. आमच्याकडे असे नऊ होल आहेत. प्रत्येक होलसाठी जिथून पहिला फटका मारतात तिथे एक बोर्ड असतो. पुढे किती लांब जायचं, चढ कुठे, तळं कुठे, हे तो सांगतो. मी सातव्या होलचा.

माझ्या आधी तिथे प्लायवूडचे बोर्ड होते. पहिल्याच पावसाळ्यात ते फुगले. मग फ्लेक्स लावले, ते वैशाखाच्या वाऱ्याने फाडले. त्यात बोअरचं पाणी खारं. फवारे सुरू झाले की बोर्डांवर पांढरा थर बसायचा आणि अक्षरं दिसेनाशी व्हायची. मैदानाच्या मॅनेजर राजेश्वरी मॅडम वैतागल्या आणि त्यांनी शेवगावच्या आरतीला बोलावलं. आरती आणि तिचा नवरा कल्याण यांचं शेवगावात बोर्ड तयार करण्याचं दुकान आहे.

आरतीने सगळे मोडके बोर्ड फिरून पाहिले आणि म्हणाली, "मॅडम, एक कोपरा गेला की तुम्ही अख्खा बोर्ड फेकताय. मी असा करून देते, की जेवढं खराब झालं तेवढंच बदलायचं."

"असा बोर्ड मिळतो?"

"मिळत नाही. करावा लागंल."

तसा मी घडलो, मित्रांनो. लोखंडी पाइपचे दोन पाय, वर ॲल्युमिनियमची चौकट, आणि चौकटीला आडव्या खाचा. त्या खाचांत पट्ट्या सरकवायच्या. एका पट्टीवर अंतर, एकीवर नकाशा, एकीवर सूचना. बाजूचा स्क्रू काढला की हवी ती पट्टी बाहेर येते, बाकीच्यांना धक्का लागत नाही. पाणी साचू नये म्हणून तळाला भोकं. पट्ट्यांमध्ये बोटभर फटी, म्हणजे वारा अडत नाही, आरपार जातो. अक्षरं वर रंगवलेली नाहीत, पारदर्शक शीटच्या मागच्या बाजूने आहेत. थर बसला तर फडक्याने पुसा, अक्षर जागेवर.

आरतीने मला लगेच मैदानावर नेलं नाही. आधी घराच्या गच्चीवर उन्हापावसात ठेवलं. तिथे तिच्या सासूबाई, बनुबाई, यांनी मला आडवा पाडून माझ्यावर कुरडया वाळत घातल्या.  संध्याकाळी आरतीने कुरडया उचलल्या, मला घासून धुतलं आणि अक्षरं निरखली. एकही पुसलं नव्हतं. बनुबाई म्हणाल्या, "मजबूत हाय गं. एवढ्या चांगल्या वस्तूवर नुसतं लिहायचंच व्हय?"

मैदानावर माझं कौतुक झालं. फोटो निघाले. एक गारपीट झाली, तिने माझा डावा कोपरा चेपला, पण पट्टी एकच तडकली. आरतीने ती एका फेरीत बदलली.

आता माझ्या सगळ्यात महत्त्वाच्या पट्टीबद्दल सांगतो. सातव्या होलच्या मधून एक पायवाट जाते. मैदानापलीकडे वस्ती आहे. वस्तीवरची माणसं याच वाटेने रस्त्याला येतात, एसटी धरतात, शेळ्या घेऊन घोडेगावच्या बाजाराला निघतात. ही वाट मैदानाच्या कितीतरी आधीची, गावच्या नकाशावरची. पण फटका मारायच्या जागेवरून ती दिसत नाही, मध्ये उंचवटा आहे. म्हणून आरतीने पिवळ्यावर काळ्या अक्षरांत मोठी पट्टी केली होती: "उंचवट्यामागे वाट आहे. माणसं जातात. पाहून मारा." नवा खेळाडू ती वाचायचा, कुणाला तरी उंचवट्यावर पाठवायचा, मग मारायचा.

माझ्या पट्ट्या सहज निघतात, हेच माझ्यावर उलटलं.

एके दिवशी मैदानाच्या कमिटीने ठरवलं, की बोर्डांवर जाहिराती घ्यायच्या. माझ्यावर सगळ्यात मोठी पट्टी तीच होती. माळी आला, त्याने स्क्रू काढला, पिवळी पट्टी ओढून शेडमध्ये नेली. तिच्या जागी प्लॉटिंगची जाहिरात बसली. हसणारं जोडपं, मागे बंगला. मी पाहत राहिलो. बोर्डाला ओरडता येत नाही.

त्याच आठवड्यात आबासाहेब आले. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, क्लबचे नवे सभासद. सातव्या होलवर पहिल्यांदाच. त्यांनी मला नीट वाचलं, अगदी जाहिरातीसकट. मग फटका मारला. चेंडू उंचवट्यावरून गेला, तसा पलीकडून शेळ्यांचा आवाज आला. आबासाहेब दचकून ओरडले, "फोर!" चेंडू माणसांकडे गेला की गोल्फवाले असंच ओरडतात. मग एक किंकाळी आली.

पलीकडे वस्तीवरच्या रतनबाई होत्या. चेंडू कानाच्या वर लागला होता. आबासाहेब दांडा टाकून पळत गेले. त्यांनीच आपल्या गाडीत घालून त्यांना शेवगावच्या दवाखान्यात नेलं. टाके पडले. जीव वाचला. पण त्या बाजूचा कान गेला तो गेलाच.

नंतर त्या सांगायच्या, "कुनीतरी ढोर, ढोर असं वरडलं. मला वाटलं, कुनाचं ढोर सुटलं. बघावं म्हनून मान वळवली, तर हे बसलं."

कमिटीची माणसं माझ्यासमोर उभी राहून बोलली. त्यात आबासाहेबही होते.

"वाट बंदच करावी लागेल," एकजण म्हणाला. "उद्या कुणी मेलं तर?"

आबासाहेब म्हणाले, "इथं वाट आहे हे बोर्डावर असतं, तर मी मारलाच नसता. ती पट्टी का काढली?"

 राजेश्वरी मॅडम जमिनीकडे बघत होत्या. त्यांना खरं दिसत होतं, पण नोकरी कमिटीच्या हातात होती. त्यांनी तिथूनच आरतीला फोन लावला. नवी पट्टी हवी होती: रस्ता बंद आहे.

फोन स्पीकरवर होता, म्हणून आरतीचं उत्तर मीही ऐकलं.

"पुसलेलं अक्षर परत लिहून देईन मॅडम, म्हणाल तितक्यांदा. पण रस्ता चालू आहे. चालू रस्त्यावर बंद मी लिहिणार नाही."

"आरती, बाकीच्या आठ बोर्डांचं कामही तुझ्याकडेच आहे."

"माहिती आहे मॅडम. ते दुसऱ्याला द्या."

फोन बंद झाला. ज्या हातांनी मला घडवलं ते कसले आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

कमिटीने नगरहून फ्लेक्स छापून आणला. माझ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणला आणि मागून सुतळीने बांधला. "रस्ता बंद आहे. प्रवेश केल्यास कारवाई होईल." मित्रांनो, ऊन सोसलं, गारा सोसल्या, खारं पाणी सोसलं. त्याचं मला काहीच वाटलं नाही. पण त्या फडक्याखाली माझा श्वास कोंडला. माझ्या फटी बुजल्या. वारा आला की मी मुळापासून हलायचो. माझ्यावर काय लावलंय ते वस्तीवर कळलं, तशी माणसं माळाला वळसा घालून जाऊ लागली. एसटी चुकायची. जो बोर्ड त्यांच्यासाठी बोलायचा, तोच त्यांना हाकलू लागला होता.

मग एका सकाळी रतनबाई आल्या. डोक्याला पट्टी, हातात काठी, पुढे शेळ्या. घोडेगावचा बाजार होता. उंचवटा ओलांडून त्या सरळ माझ्यापाशी आल्या. आबासाहेब तिथेच होते. चेंडू लागला त्या दिवसापासून ते रोज यायचे, पण खेळायचे नाहीत, नुसते उंचवट्याकडे बघत बसायचे.

"सायेब, ह्यावर काय लिवलंय?" रतनबाईंनी विचारलं.

आबासाहेबांनी त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन वाचून दाखवलं.

"कुनी लिवलं?"

"कमिटीनं."

"माजी सासू ह्याच वाटंनं लगीन होऊन आली. मी बी ह्याच वाटंनं आले. आमाला इचारलं का त्या कमिटीनं?"

तेवढ्यात राजेश्वरी मॅडम मैदानातल्या छोट्या गाडीतून आल्या. "आजी, तुमच्याच भल्यासाठी आहे. परत चेंडू लागला तर?"

"लागल का न्हाई, त्ये मारनाराच्या हातात हाय. माज्या हातात न्हाई. मी आपली वाटंनं चालले हुते. मार मी खाल्ला आन् वाट बी माजीच बंद? ह्यो कंचा न्याव?"

"मला वरून सांगितलंय, आजी."

"मंग वर सांगा, रतनबाई न्हाई म्हनली."

त्या माझ्या मागे आल्या. काठी बगलेत धरून त्यांनी सुतळीच्या गाठी एकेक करून सोडल्या. कसलीच घाई नव्हती. मॅडम पुढे झाल्या, तसे आबासाहेब मध्ये उभे राहिले.  फ्लेक्स सुटला. माझ्या फटींतून पुन्हा वारा वाहिला. रतनबाईंनी तो फ्लेक्स नीट घडी घालून काखेत मारला.

"ते क्लबचं आहे," मॅडम म्हणाल्या.

"माज्या डोक्यावर पडलेला चेंडू बी क्लबचाच हुता. त्यो तुमी नेला, ह्यो मी नेते. कडब्यावर टाकायला कामाला येईल."

राजेश्वरी मॅडम हसल्या. आपण हसलो याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलेलं दिसलं. मग त्यांनी गाडी वळवली आणि शेळ्या वाटेवरून पार होईपर्यंत मागे येणाऱ्या खेळाडूंना हात करून थांबवलं.

त्यानंतर आबासाहेबांनी कमिटीला कळवलं, की सातव्या होलवरून आपण एकही फटका मारणार नाही आणि इतरांनाही तसं सांगू. तीन-चारजण त्यांच्या बाजूने झाले. वस्तीवरची माणसं रोज वाटेने जात राहिली, मुद्दाम, घोळक्याने. खेळ अडू लागला. शेवटी राजेश्वरी मॅडमनीच कमिटीपुढे सांगितलं, की वाट आधीची आहे, तेव्हा सरकायचं तर होलने सरकावं. बरीच आदळआपट झाली, पण तसंच करावं लागलं. फटका मारायची जागा उंचवट्यावर आणली, म्हणजे वाट स्वच्छ दिसेल. मलाही उपटून तिथे रोवलं. जाहिरात गेली.

आरतीला परत बोलावलं. तिने या वेळी आधी वस्तीवर जाऊन रतनबाईंना विचारलं, "काय लिहू?"

"मानूस आधी जाऊ द्या, असं लिव. चेंडूला काय घाई हाय."

तीच अक्षरं माझ्यावर आली, पिवळ्यावर काळी. "माणूस आधी जाऊ द्या. चेंडूला घाई नाही." पट्टी खाचेत सरकवली आणि मग आरतीने पिशवीतून रिव्हेटची बंदूक काढली. दोन्ही टोकांना रिव्हेटचे पक्के खिळे ठोकले.

"ही निघणार कशी मग?" मॅडमनी विचारलं.

"निघू नये म्हणूनच ठोकलं."

आता क्लबमध्ये चकाकत्या डिजिटल पडद्यांची चर्चा चालू आहे. जुने बोर्ड काढा म्हणतात. काढोत. माझा पाय गंजला आहे, हे मी नाकारत नाही. पण ती पट्टी काढायची, तर ड्रिल आणून, माझ्यासमोर उभं राहून, वाचता वाचता काढावी लागेल. बघू कुणाचा हात धजतो.

मित्रांनो, तुमच्या गावात, शाळेत, रस्त्याच्या वळणावर माझी भावंडं उभी आहेत. कुणावर शेवाळ आहे, कुणावर वाढदिवसाचं पोस्टर. आमच्यावर दगड मारू नका, आमच्या तोंडावर काही चिकटवू नका, पावसाळ्यानंतर एकदा ओल्या फडक्याने पुसा. एवढी निगा पुरते. पण खरी निगा वेगळीच आहे. आमच्यावर काय लिहिलं जातं, त्यावर नजर ठेवा. खोटं लिहिलेलं दिसलं, तर मोठ्यांना विचारा, कुणी लिहिलं आणि कुणाला विचारून. आम्हाला ऊन चालतं, गारा चालतात. खोटं चालत नाही.

परवा एक नवा खेळाडू आला. फटक्याची तयारी करून उभा राहिला, तर खाली वाटेवर रतनबाई, आणि शेळ्या चरत चरत निघालेल्या. तो घड्याळ बघू लागला. माझ्याकडे बघितलं, वाचलं, पुन्हा खाली बघितलं. रतनबाईंना त्याचं उसासणं ऐकू गेलं नाही. वाटेत एका शेळीच्या पायात काटा रुतला होता. त्या खाली बसल्या, काटा काढला, मग शेळीच्या पाठीवरून हात फिरवत उठल्या.

खेळाडूने दांडा खाली टेकवला आणि थांबून राहिला.