माशांना घातलेलं पुण्य

आमच्या लेकीने, चोमनातने, ठरलेली दोन लग्नं मोडली आणि तिसऱ्याशी एकदाचं लग्न केलं, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्नाचं जेवण आमच्याच तराफ्यावर झालं. धरणाचं पाणी डोंगरात जिथे आत वळतं, त्या कोपऱ्यात बांबूचा तराफा बांधून मी खाणावळ चालवायचो. लोक यायचे, भाजलेला मासा आणि चिकट भात खायचे, तरंगायची जाकिटं घालून पाण्यात डुंबायचे आणि ओल्या अंगाने पुन्हा भात मागायचे.

माझी बायको बुनरोत पाण्यात उतरायची ती गुडघ्यांसाठी. जमिनीवर चार पावलं टाकली की तिचा चेहरा वाकडा व्हायचा. तराफ्याच्या काठाकडच्या बाजूला पाणी छातीएवढं. तिथे रोज सकाळी लुंगी नेसून, दोरी धरून ती अशी चालायची, जशी काही बाजारालाच निघालीय.

"पाण्यात मी सोळा वर्षांची असते," ती म्हणायची.

"आणि मी?"

"तू काय, सगळीकडे म्हाताराच."

तर लग्नात भात उरला. तो मी पाण्यात ओतला. अन्न वाया जाऊ नये हा विचार थोडा, आवराआवरीचा कंटाळा जास्त. पण भात पडला मात्र, माशांची अशी झुंबड उडाली की पाणी उकळतंय असं वाटावं. नवऱ्यामुलाच्या आजीने हात जोडले. "प्लीयन, केवढं पुण्य रे हे! एवढ्या जिवांना जेवू घातलंस."

जन्मात माझ्यावर बरेच आळ आले होते. पुण्याचा कोणी घेतला नव्हता. मला त्याची चटकच लागली. रोज सकाळी मी टोपलीभर पावाचे तुकडे टाकायचो आणि मोठ्याने म्हणायचो, "हे पुण्य बुनरोतच्या गुडघ्यांना लागो." मोठ्याने अशासाठी, की तिने ऐकावं. गिऱ्हाइकंही हौसेने पाव टाकू लागली. माशांना पाहायला माणसं यायची, पावाला पाहून मासे यायचे, आणि मधे मी संतासारखा उभा.

उन्हाळा तापला तसं पाणी हिरवं झालं. आधी मला ते छानच वाटलं. मग वास सुटला. बुनरोतच्या पोटऱ्यांवर लाल फोड आले, दोन चिघळले. तालुक्याच्या आरोग्य कचेरीतली रविवन बाटल्या घेऊन आली, पाणी भरून घेतलं आणि आमच्या खांबाला लाल फडकं बांधलं.

"काका, आता इथे कोणीही उतरायचं नाही. मावशींनी तर मुळीच नाही."

"मग तिने चालायचं कुठे?"

"पाणी सुधारेपर्यंत खुर्चीत."

बुनरोत खुर्चीत बसली. आठवडाभरात तिचे पाय लाकडासारखे आखडले. तिला न्हाणीपर्यंत मी धरून नेऊ लागलो. ती विनोद करायची थांबली, तेव्हा मात्र मी दोष कोणाचा ते शोधायला लागलो.

गुन्हेगार माझ्याकडे तयार होता: समोरच्या काठाचा थोंगखाम. त्याच्या तराफ्यावर माइक धरून गाणी म्हणायची सोय होती. मी रविवनला सांगितलं, "त्याच्या गिऱ्हाइकांचा सूर ऐकलायस? दूध नासेल, पाणी काय चीज आहे!"

आणि इलाज? तोही मी शोधला. पुण्य कमी पडतंय! मी सकाळी एकऐवजी दोन टोपल्या टाकू लागलो. पाणी आणखी हिरवं झालं, मग मी संध्याकाळीही सुरुवात केली.

रविवन पुन्हा आली. "काका, थोंगखामकाकांकडचं पाणी ठीक आहे. सगळ्यात घाण तुमच्या तराफ्याखालीच."

"काहीतरी चूक असेल."

"हा बांबू घ्या. तळाला टेकवा आणि वर काढा."

काढला. टोकाला काळा, लिबलिबीत गोळा. असा वास, की रविवनने पदरासारखी बाही नाकाला लावली.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"माझं पुण्य," बुनरोत खुर्चीतून म्हणाली.

रविवनने समजावलं. उरलेला पाव तळाशी कुजतो, खाल्लेला पाव मासे तिथेच हगतात, आणि या कोपऱ्यात पाणी हलत नाही. मी मान डोलवली, पण पाव बंद करायला मन धजेना. गिऱ्हाइकं तुटतील, शिवाय त्या गुडघ्यांसाठी माझ्या हातून होण्यासारखं एवढंच होतं. म्हणून मी शहाणपणा केला. होडीला दोर बांधून अख्खा तराफाच वाळूच्या उतारापाशी, वाहत्या पाण्यात हलवायला घेतला. बुनरोत खुर्चीसकट तराफ्यावर. आणि मागून, तोंडं वासून, सगळे मासे.

थोंगखामने माइक हातात घेतला. "प्लीयनदादा, वरात कोणाची?"

कितीतरी दिवसांनी बुनरोत हसली. खोकला येईपर्यंत हसली.

दुसऱ्या सकाळी नव्या जागी माझा हात आपोआप टोपलीत गेला. खाली मासे हजर होते.

"टाक की," बुनरोत शांतपणे म्हणाली. "पण आधी मला काठावर लेकीकडे पोचव. मग कर तुझ्या माशांशी संसार."

"अगं, मी तुझ्याच गुडघ्यांसाठी..."

"गुडघे माझे आहेत, म्हाताऱ्या. त्यांना विचारलंस कधी?"

खरंच विचारलं नव्हतं. मी टोपली उचलली आणि काठावरच्या विहारात नेऊन कुत्र्यांना पाव घातला. त्यातलं एक मला चावलं. पुण्याच्या बाबतीत माझा हातगुणच तसा.

गिऱ्हाइकं विचारायची, "मासे कुठे गेले?" मी म्हणायचो, "ताटात बघा." काही रागावून गेली, काही जेवायला राहिली. मासेही हळूहळू रुसून पांगले. पावसानंतर रविवनने पुन्हा बाटल्या भरल्या, आणि पुढच्या खेपेला येऊन लाल फडकं स्वतःच्या हाताने सोडलं. बुनरोतने दोरी धरली, छातीपर्यंत उतरली आणि मागे वळूनही न बघता चालू लागली.

"हळू!" मी ओरडलो.

"तू ये की खाली," ती म्हणाली. "का पाण्याला घाबरतोस?"

मी उतरलो. तिच्या मागून चालताना मला धाप लागली.

त्यानंतर चौथ्या वर्षी, भिक्षूंचा वर्षावास संपायच्या आठवड्यात, बुनरोत झोपेत वारली. आदल्या सकाळी ती पाण्यात चालली होती.