पेपरातली आत्या

मित्रांनो, मी वर्तमानपत्राचा एक जुना तुकडा आहे. काडेपेटीएवढा. एकेकाळी मी पांढरा होतो, आता न घासलेल्या दातांसारखा दिसतो. लोक मला कात्रण म्हणतात. माझ्यावर एका माणसाच्या निधनाची बातमी छापलेली आहे. इतरांचा जन्म झाला की घरात आनंद होतो. माझा जन्मच कुणीतरी गेल्यामुळे झाला, म्हणून माझी गोष्ट मी जरा हळू आवाजातच सांगतो.

मी जन्मलो तेव्हा छापखान्यात एकेक अक्षर शिशाच्या खिळ्यावर असे. ते खिळे उचलून ओळी लावणाऱ्या माणसाला जुळारी म्हणत. आमच्या जुळाऱ्याला पाठीचं दुखणं होतं, आणि माणसं तर रोज मरत. त्यानं एक सोय करून ठेवली होती. निधनाच्या बातमीची शेवटची ओळ त्यानं एकदाच जुळवली, दोऱ्यानं बांधली आणि खिडकीत ठेवून दिली. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी असा परिवार आहे.’ घरच्यांनी माणसं मोजून सांगितली तर तो वेगळी ओळ लावायचा. दुःखात कुणी सांगायचं विसरलं, तर खिडकीतली उचलून खाली बसवायचा. एका जन्मभर एकट्या राहिलेल्या गृहस्थालाही त्यानं असा भरला संसार देऊन टाकला होता.

माझ्यावरचा माणूस घड्याळं दुरुस्त करायचा. त्याला मुलगे दोन होते. मुलगी नव्हती. त्याच्या भावानं पेपरच्या कचेरीत जाऊन नाव सांगितलं, तारीख सांगितली आणि डोळे पुसत तो घरी आला. पुढचं खिडकीतल्या ओळीनं केलं.

दुसऱ्या दिवशी घड्याळजीच्या बायकोनं मला वाचलं.

“भावोजी, यात एक मुलगी जास्तीची आहे.”

“असू दे वहिनी. लोक काय मोजायला येणारेत?”

त्या आठवड्यात पहिल्यांदाच तिच्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं. “मुलगी हवीच होती मला,” ती म्हणाली. “बघा, जाता जाता देऊन गेले.” मग तिनं कात्रीनं मला अगदी सरळ कापलं आणि घड्याळाच्या रिकाम्या डबीत जपून ठेवलं. हे बोलणं ऐकलं होतं तिघांनी: वहिनींनी, भावोजींनी आणि मी. त्यांतले बोलू शकणारे दोघं पुढे वारले.

डबीत माझी कितीतरी वर्षं अंधारात गेली. मला कुणी शोधलं नाही, कुणी टाकलंही नाही. डबीचं कपाट मागच्या दाराशी होतं. घड्याळजीच्या थोरल्या मुलाला एक लेक झाली, ती मोठी होताना मला नुसती ऐकू यायची. रुसली की ती मागच्या पायरीवर जाऊन बसायची आणि दाराला पाठ लावून, मोठ्यानं, कुणालाच उद्देशून नाही असं भांडायची.

मला डबीतून बाहेर काढलं ते तिनंच. तोवर तिचे केस पिकायला लागले होते. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायची. आई गेली होती, काका मूलबाळ नसताना गेला होता. घरात ती आणि तिचे बाबा, दोघंच. तिनं भिंतीवर एक मोठा कागद लावून घराण्याचं झाड काढायला घेतलं होतं. झाड कसलं, एक काठी होती ती, आणि काठीच्या टोकाला ती स्वतः.

मला वाचून ती धावत बाबांकडे गेली.

“बाबा, तुम्हाला बहीण होती?”

“नाही.”

“इथे लिहिलंय. एक मुलगी.”

“मग चुकलं असेल त्यांचं.”

“पेपर चुकतो आणि तुम्ही चुकत नाही? परवा चहात मीठ कुणी घातलं?”

“चहाचं सोड. बहीण मीठ आहे का, चुकायला?”

“काय केलं होतं तिनं, की सगळ्यांनी मिळून नावच टाकलंत?”

“अगं, नाव टाकायला आधी माणूस लागतं.”

तिला ते पटलं नव्हतं. रात्रीची भांडी घासता घासता ती म्हणाली, “तुम्ही गेलात की मला माझं म्हणायला कोण आहे? आत्या असेल, नसेल, तिची मुलं तर असतील. कुणी एक दार असेल मला वाजवायला.” बाबा घासलेली भांडी पुसत राहिले. खऱ्या माणसाकडे याला उत्तर नव्हतं, माझ्याकडे होतं, आणि ते खोटं होतं.

मग माझे मानाचे दिवस सुरू झाले. तिनं मला दोन्ही बाजूंनी प्लास्टिक चढवून घेतलं. दर सुट्टीला ती मला घेऊन ग्रंथालयात जायची, जुन्या पेपरांचे बांधलेले गठ्ठे मागवायची आणि निधनाच्या बातम्यांवरून बोट फिरवायची. कुठे एखादी म्हातारी गेलेली दिसते का, जिचं माहेर आपल्या आडनावाचं असेल. टेबलावर मी आणि शेजारी उघडा गठ्ठा. दर पानावर माझी शेवटची ओळ मला दिसायची, शब्दाला शब्द तीच. एकदा तिचं बोटही तिथे थांबलं. मला वाटलं, सुटलो.

“अहो, तेव्हा सगळ्यांना दोन मुलगे आणि एक मुलगीच होती की काय?” तिनं ग्रंथपालाला विचारलं.

“आटोपशीर होती बाई पूर्वीची माणसं,” तो जांभई देत म्हणाला.

तिनं पान उलटलं.

घरी बाबांची आठवण वितळत चालली होती. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग दिवस, मग बायको गेली आहे हेही. ती रोज मला त्यांच्या हातात द्यायची आणि विचारायची. एके दुपारी त्यांनी मला डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचलं.

“होती ना,” ते म्हणाले. “मग मी कुठे ठेवली तिला?”

“आठवेल बाबा. सावकाश. कशी होती?”

“रुसायची फार. मागच्या पायरीवर बसायची, दाराला पाठ लावून. दोन वेण्या. भांडायची तिथूनच, एकटीच.” ते लहान मुलासारखे रडायला लागले. “किती वेळ झाला, आत का आली नाही ती?”

त्या पायरीवर रुसून बसणारी पोर या घरात एकच झाली होती, आणि ती त्यांच्या समोर पेन्सिल घेऊन बसली होती. तिनं त्यांचे डोळे पुसले. मग इतक्या वर्षांत मी पाहिलं नव्हतं असं हसून ती म्हणाली, “म्हणजे मी आत्यावर गेलेय.”

बाबा शेवटपर्यंत दाराकडे बघत होते. बहिणीला शोधताना त्यांनी लेकीला ओळखलं नाही, आणि लेक आत्याला शोधत होती.

ते गेल्यावर ती पेपरच्या कचेरीत गेली. आता तिथे संगणकापुढे एक तरुण बाई होती.

“पश्चात कोण कोण?”

“एक मुलगी,” ती म्हणाली, आणि थांबली. “आणि एक बहीण.”

“बहिणीचं नाव?”

“नको. ती वाचेल. तिला कळेल.”

छापून आलं त्या दिवशी तिनं रजा घेतली आणि दार उघडं ठेवून बसली. विजेचं मीटर बघणारा आला. तिनं वाकून त्याच्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. संध्याकाळी तिनं नवी बातमी कापली आणि मला नवा सोबती मिळाला. आता आम्ही एकमेकांचे पुरावे आहोत.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मला जपू नका. प्लास्टिकमध्ये मी तुमच्यापेक्षा जास्त टिकणार आहे. जपायचं तर तुमच्या घरातलं ते माणूस जपा, जे तुमच्या तोंडावर ‘असं काही नव्हतं’ म्हणतं. त्याला कागद दाखवू नका. त्याच्याशेजारी बसा, आणि ते ज्याच्याबद्दल बोलतं आहे ते कोण, हे त्याच्या डोळ्यांकडे बघून ओळखा.

लेकीला हे सांगायला मला तोंड नाही. उद्या तिची सुट्टी आहे. पिशवी दाराला अडकवलेली आहे आणि मी पिशवीत आहे.