शेवटची सीलबंद

आमच्या दोन्ही बहिणींचे नवरे एरवी शहाणे आहेत. थोरले दातांचे डॉक्टर, धाकट्यांचं चष्म्यांचं दुकान. एकाचा धंदा लोकांना तोंड उघडायला लावण्याचा, दुसऱ्याचा डोळे. पण आपापल्या कपाटातली बाटली उघडायला दोघांपैकी एकही तयार नव्हता.

बाटली होती ग्रेन व्हिस्कीची. मक्या-गव्हाची ही दारू मोठ्या कंपन्या दुसऱ्या व्हिस्कीत मिसळून संपवतात; तिला एकटीला कोणी विचारत नाही. तिचं एक पिंप कुठल्याशा गोदामात चाळीस वर्षं पडून राहिलं, तोवर तिचा कारखानाही बंद पडला. मग स्वतः काही न गाळता दुसऱ्यांची पिंपं हुडकणाऱ्या एका छोट्या व्यापाऱ्याने ते उचललं आणि स्वतःचं लेबल लावून बाटल्या विकल्या. शौकिनांच्या ग्रुपवर एकमत होतं की त्यातल्या सीलबंद दोनच उरल्यात. दोन्ही आमच्या गोतावळ्यात.

म्हणजे एकाने उघडली की दुसऱ्याची जगातली एकुलती एक. म्हणून दोघे साडू एकमेकांना प्यायचा आग्रह करण्यात कमालीचे उदार.

थोरल्यांची साठी झाली तेव्हा धाकट्यांनी भेट म्हणून नाजूक ग्लास आणले. बूच सुकतं, म्हणाले. तब्येतीचा काय भरवसा, म्हणाले. वर काय कपाट घेऊन जाणार आहात, असंही हसत हसत म्हणून झालं. आणि थोरल्यांनी खरोखरच उठून बाटली आणली, सील फोडलं. धाकट्यांचा चेहरा असा खुलला, जणू वाढदिवस त्यांचाच.

थोरल्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मग ताईला, धाकटीला, मला थोडी थोडी ओतली. धाकट्यांनी ग्लास पुढे केला.

"तुमच्याकडे आहे की अख्खी," थोरले म्हणाले. "आमच्या फोडलेल्यातली कशाला?"

मी घोट घेतला. जुन्या कपाटाला पॉलिश केल्यावर खोलीत जो वास कोंडतो, तो घशाखाली उतरला. माझं तोंड वाकडं होणार तोच टेबलाखाली ताईने माझा पाय दाबला.

"खोबरं लागतंय ना रे, मागाहून?" ती म्हणाली.

लागतंय, म्हटलं. मेहुण्यांचं मीठ खाल्लंय.

धाकट्यांनी त्याच रात्री ग्रुपवर साडूंच्या फोडलेल्या बाटलीचा फोटो टाकला. मागण्या आल्या, आकडे फुगले. पण घरात कोणी जमलं की विषय निघायचाच. ताई सुस्कारा सोडायची. आणि धाकट्यांची स्वतःची बायको, जिला रात्री घरी गेल्यावर त्यांनी खोदून खोदून विचारलं, ती एवढंच म्हणे, "नाही हो सांगता येत शब्दांत." जगातल्या शेवटच्या बाटलीचा मालक, आणि घरात तिची चव ठाऊक नसलेला तो एकटाच. माणूस झुरायला लागला. दुकानात एका गिऱ्हाइकाला उलटा नंबर घालून दिला.

शेवटी एका रविवारी दुपारी आम्हा सगळ्यांना बोलावणं आलं. आम्ही पोचलो तेव्हा सील फोडून झालं होतं. चांगली घसघशीत किंमत आदल्याच दिवशी नाकारली होती म्हणे.

धाकट्यांनी घोट घेतला. गिळायला वेळ लागला. नजर बायकोवरून ताईवर, ताईवरून माझ्यावर आणि शेवटी थोरल्यांवर जाऊन थांबली. थोरले छताकडे बघत होते.

"कशी काय?" थोरल्यांनी विचारलं.

धाकट्यांनी ओठ पुसले. "अप्रतिम," ते म्हणाले. मग आतून पाण्याचा मोठा ग्लास आणला आणि बाटलीतून काठोकाठ भरून साडूंपुढे ठेवला. "वडीलधारे आहात. तुमच्या आवडीची आहे. संपवल्याशिवाय मी उठू देणार नाही."

दोघी बहिणी घाईघाईने स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लावून घेतलं. थोरल्यांनी ग्लास उचलला, पहिला घोट घेतला आणि खोबऱ्याबद्दल काहीतरी बोलायला सुरुवात केली.